सेन्सॉरशिप मोजायची तर घड्याळ लावून मोजा

क्रिप्टोबद्दल बोलणाऱ्या कुणाशीही गप्पा मारा, थोड्या वेळात एक वाक्य येतंच, की हे नेटवर्क कुणाच्या बापाला सेन्सॉर करता येत नाही. बिटकॉइनबद्दल म्हणतात, इथेरियमबद्दल म्हणतात, कालपरवा निघालेल्या कुठल्यातरी कॉइनबद्दलही तेवढ्याच ठासून म्हणतात. गोव्यात फोंड्याला घरी माझा बिटकॉइन नोड (नेटवर्कला जोडलेला, व्यवहार तपासून पुढे पाठवणारा कॉम्प्युटर) चालू असतो, या सगळ्यात मला मनापासून रस आहे, आणि म्हणूनच हे वाक्य कुणीही कुठेही चिकटवलेलं मला आवडत नाही. कारण ही श्रद्धेची गोष्टच नाहीये, ही तपासता येते, आकड्यात सांगता येते. फक्त प्रश्न नीट विचारायला लागतो. ‘अडवता येतं की नाही’ असं विचारलंत तर काहीच हाती लागत नाही. विचारायचं असं, की जे ट्रान्झॅक्शन कुणाला तरी खरोखर अडवायचं होतं ते किती वेळ अडलं, आणि तेवढा वेळ अडल्यामुळे त्या माणसाचं काय गेलं.

आधी अडवायच्या जागा कुठल्या ते बघू, कारण लोक त्या सगळ्या एकत्र कालवतात. पहिली जागा तुमच्या घरातून बाहेर पडणारी इंटरनेटची वायर, तिथे सर्व्हिस प्रोव्हायडर ट्रॅफिक ओळखून तोडू शकतो. दुसरी, नोडपासून नोडपर्यंत ट्रान्झॅक्शन पुढे सरकतं ती रिलेची साखळी. तिसरी, मायनर (बिटकॉइनवर) किंवा व्हॅलिडेटर (इथेरियमवर) ब्लॉक, म्हणजे साखळीत जोडायचा ट्रान्झॅक्शनचा गठ्ठा, भरतो ती जागा. चौथी सगळ्यात वाईट, तुमचं ट्रान्झॅक्शन ज्या ब्लॉकमध्ये गेलं तो ब्लॉकच बाकीच्यांनी टाकून द्यायचा. तिसऱ्या आणि चौथ्यातला फरक समजायला आमची चोडण बेटाची फेरीबोट बरी पडते. एका फेरीबोटवाल्याने तुम्हाला घेतलं नाही तर तुम्ही रायबंदरच्या धक्क्यावर थांबता आणि पुढच्या फेरीने जाता, म्हणजे उशीर झाला पण पोचलात. पण बाकीच्या फेरीबोटवाल्यांनी ठरवलं की ज्या फेरीने तुम्हाला घेतलं तिला पलीकडे धक्क्याला लागूच द्यायचं नाही, तर मग तुम्ही कितीही फेऱ्या बदला, पोचत नाही. पहिल्याला सौम्य सेन्सॉरशिप म्हणू, दुसऱ्याला कडक.

हे घरी करून बघता येतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. बिटकॉइन कोअर या नोडच्या सॉफ्टवेअरमध्ये रेगटेस्ट म्हणून एक मोड आहे, त्यात तुमच्या लॅपटॉपवर तुमचं स्वतःचं खाजगी नेटवर्क चालतं, एक कमांड दिली की ब्लॉक तयार. गेल्या पावसाळ्यात ओळखीची काही कॉलेजची मुलं घरी आली होती, बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेली, सगळं इन्व्हर्टरवर, आणि आम्ही एका लॅपटॉपवर पाच नोड उभे केले. त्यातले चार सेन्सॉर करणारे, एक प्रामाणिक. सेन्सॉर कसं करायचं, तर कोअरमध्ये ‘प्रायॉरिटाइझ ट्रान्झॅक्शन’ नावाची कमांड आहे, तिचा खरा उपयोग एखाद्या ट्रान्झॅक्शनला ब्लॉकमध्ये पुढे काढायला, पण तिला मोठा उणे आकडा दिला की त्या नोडच्या हिशेबात ते ट्रान्झॅक्शन इतकं स्वस्त दिसतं की तो ते ब्लॉकमध्ये घेतच नाही. प्रत्यक्षातली फी बदलत नाही, फक्त त्या मायनरच्या नजरेत बदलते. मग एक छोटी स्क्रिप्ट, जी दर वेळी पाचातला एक नोड चिठ्ठी काढल्यासारखा निवडते आणि त्याला ब्लॉक करायला सांगते.

जे दिसतं ते गणिताला धरूनच असतं. पाचातले चार विरोधात असले तरी ट्रान्झॅक्शन सरासरी पाचव्या ब्लॉकला आत जातं. बिटकॉइनवर ब्लॉक साधारण दहा मिनिटांनी येतो, म्हणजे पन्नास मिनिटं. ८०% ताकद विरोधात असून फक्त पन्नास मिनिटं! मुलांना हे पटेना. एकजण म्हणाला, ‘दादा, म्हंजे बहुमत असून पण काय उपयोग नाही त्यांना?’ मी म्हटलं थांब, अजून दुसरा भाग आहे.

दुसऱ्या भागात ‘इनव्हॅलिडेट ब्लॉक’ ही कमांड वापरायची. एखादा ब्लॉक नियमात बसत असला तरी ती कमांड दिली की तो नोड त्या ब्लॉकला अवैध समजतो आणि त्याच्या आधीच्या ब्लॉकपासून पुढे काम करतो. आता चारही सेन्सॉर नोडना सांगितलं की प्रामाणिक नोडने ते ट्रान्झॅक्शन घेऊन ब्लॉक केला की तो ब्लॉक नाकारा. मग काय होतं, प्रामाणिक नोड ब्लॉक करतो, ट्रान्झॅक्शन आत गेलेलं दिसतं, एक कन्फर्मेशन पण दिसतं, आणि थोड्या वेळात चौघांची साखळी लांब होते आणि प्रामाणिक नोड स्वतःच आपला ब्लॉक सोडून त्या लांब साखळीवर जातो कारण नियमच तसा आहे, आणि ट्रान्झॅक्शन परत मेमपूलमध्ये, म्हणजे थांबलेल्यांच्या रांगेत, येऊन पडतं. परत ब्लॉक, परत तेच. कायमचं. आणि यातली खरी वाईट गोष्ट वेगळीच आहे, प्रामाणिक मायनरची दर वेळी ब्लॉकची कमाई बुडते. खऱ्या जगात तो असं किती दिवस करेल? वीजबिल भरायचं असतं. तो गपचूप ते ट्रान्झॅक्शन घ्यायचं सोडून देतो आणि मग बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सगळ्यांनीच आपापल्या मर्जीने सोडलं. त्या मुलाचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता आणि मला बरं वाटलं, कारण ‘५१%’ (मायनिंगची अर्ध्याहून जास्त ताकद एका बाजूला) हा शब्द त्याने शंभरदा ऐकला असेल पण त्याचा अर्थ त्याला त्या दिवशी समजला.

मात्र कडक सेन्सॉरशिप लपवता येत नाही. टाकून दिलेले ब्लॉक नोडला दिसतात, ‘गेट चेन टिप्स’ कमांड दिली की सोडलेल्या फांद्या समोर येतात. सौम्य प्रकार मात्र शांतपणे चालतो, तो बघायला वेगळी मेहनत लागते, त्याबद्दल खाली लिहिलंय.

आता लॅपटॉपवरच्या टेस्टची मर्यादा. तिथे अडवणारा मीच आणि अडणारा मीच. तिथे यंत्रणा कळते, माणसं कळत नाहीत. सिग्नेट नावाचं जे टेस्ट नेटवर्क आहे तिथे तर ब्लॉकवर ठराविक लोकांचीच सही लागते, म्हणजे ते नेटवर्क रचनेनेच त्यांच्या हातात आहे, वॉलेट टेस्ट करायला उत्तम पण सेन्सॉरशिप टेस्ट करायला निरुपयोगी. एखादा नवीन कॉइनवाला जेव्हा म्हणतो की आमच्या टेस्टनेटवर एकही ट्रान्झॅक्शन अडलं नाही, तेव्हा मी विचारतो, अडवायचं कुणाला होतं?

गोव्यात तरी हा मुद्दा नवा वाटायला नको. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात इथे वर्तमानपत्र छापायच्या आधी सेन्सॉरकडे जायचं, जुनी माणसं सांगतात की लग्नाच्या पत्रिकासुद्धा दाखवून आणायला लागायच्या. त्या काळात २५ नोव्हेंबर १९५५ ला वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून गुप्त रेडिओ सुरू केला, आंबोली, नंतर कॅसल रॉकच्या बाजूने, पोर्तुगीज आणि कोंकणीतून, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत तो चालू राहिला. तो रेडिओ बंद पडावा असं मनापासून वाटणारं एक अख्खं सरकार समोर होतं आणि तरी सहा वर्षं आवाज येत राहिला, म्हणून आपण म्हणू शकतो की ती यंत्रणा टिकाऊ होती. समोर कुणी नसतानाची टेस्ट ही टेस्टच नाही.

तर मग खऱ्या क्रिप्टो नेटवर्कवर समोर कोणी उभं राहिलंय का? राहिलंय, बऱ्याचदा.

२०२१ मध्ये चीनने मायनिंगवर बंदी आणली. तोपर्यंत जगातल्या हॅशरेटचा, म्हणजे मायनिंगच्या ताकदीचा, मोठा हिस्सा तिथे होता. काही आठवड्यांत नेटवर्कची ताकद जवळपास अर्ध्यावर आली, ब्लॉक हळू यायला लागले, ३ जुलै २०२१ ला डिफिकल्टी (ब्लॉक काढणं किती अवघड, तो नेटवर्क स्वतः बदलतं तो आकडा) एका झटक्यात जवळजवळ २८% खाली आली, इतकी मोठी घसरण आधी कधी झाली नव्हती. पण साखळी थांबली नाही. ही टेस्ट नेटवर्क पास झालं असं मी म्हणेन, पण लक्षात घ्या, ही मायनर बंद पाडायची टेस्ट होती, ट्रान्झॅक्शन निवडून अडवायची नव्हती.

निवडून अडवायचा प्रकार त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेत झाला. मॅरेथॉन या मायनिंग कंपनीने आपल्या पूलमधून (पूल म्हणजे मायनरांनी ताकद एकत्र करायची जागा) असा ब्लॉक काढला ज्यात अमेरिकन सरकारच्या निर्बंध यादीतले पत्ते गाळलेले होते, ‘स्वच्छ’ ब्लॉक म्हणून मिरवला सुद्धा. लोकांनी इतका आरडाओरडा केला की महिना संपायच्या आत त्यांनी जाहीर केलं की यापुढे फिल्टर नाही. हे चांगलं झालं, पण यात तंत्रज्ञानाचा विजय कमी आणि लोकांच्या ओरडण्याचा जास्त होता असं माझं मत आहे. आणि त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणून तर कळलं. न सांगता केलं असतं तर?

तेच नोव्हेंबर २०२३ मध्ये झालं आणि माझ्या मते या विषयातली ही सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे. टोपणनावाने काम करणारा एक बिटकॉइन डेव्हलपर बरीच वर्षं एक साधं काम करत होता, त्याचा नोड दर थोड्या वेळाने स्वतःचं ब्लॉक टेम्प्लेट बनवायचा, म्हणजे आत्ता मी मायनर असतो तर फीच्या हिशेबाने कुठली ट्रान्झॅक्शन घेतली असती त्याची यादी, आणि प्रत्यक्ष ब्लॉक आला की दोन्ही जुळवून बघायचा. काय असायला हवं होतं पण नाहीये. असं गायब ट्रान्झॅक्शन सापडलं की लगेच ‘सेन्सॉर’ म्हणून बोंब मारायची नसते, कारण निरागस कारणं खूप असतात, ट्रान्झॅक्शन त्या मायनरपर्यंत उशिरा पोचलं असेल, त्याचं टेम्प्लेट जुनं असेल, किंवा त्याने बाहेरून पैसे घेऊन दुसरं कुणाचं तरी ट्रान्झॅक्शन आत घेतलं असेल आणि याला जागा उरली नसेल. त्याला निर्बंध यादीतल्या पत्त्यांची सहा गायब ट्रान्झॅक्शन सापडली, वेगवेगळ्या पूलांची. त्याने एकेक उघडून तपासलं, दोन अशीच निरागस कारणांची निघाली, चार मात्र एफटूपूल या एकाच पूलची होती आणि तिथे फिल्टर असण्याची शक्यता जास्त दिसली. त्याने तसंच, ‘शक्यता’ म्हणून लिहिलं. त्यावर पूलच्या सहसंस्थापकाने फिल्टर असल्याचं मान्य केलं आणि सध्यापुरता बंद करतो म्हणून सांगितलं. ती चारही ट्रान्झॅक्शन तोपर्यंत दुसऱ्या मायनरच्या ब्लॉकमधून केव्हाच गेलेली होती. बघा, अडवणं खरं होतं आणि परिणाम जवळपास शून्य होता, दोन्ही एकाच वेळी. हे सगळं एका माणसाच्या चिकाटीमुळे कळलं, असं काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

इथेरियमची परीक्षा जास्त कठीण होती. ८ ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेने टोर्नेडो कॅश या मिक्सरवर (पैसे कुणाकडून कुणाकडे गेले ते लपवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) निर्बंध घातले. त्यातून चोरीचा पैसा गेला होता हे खोटं नाही, उत्तर कोरियाच्या लाझारस टोळीचे ४५.५ कोटी डॉलरहून जास्त त्यातून फिरल्याचं अमेरिकेने सांगितलं. पण त्यातून आपली प्रायव्हसी जपणारी साधी माणसंही होती, आणि मला त्यांची बाजू सोडून देता येत नाही. पुढच्याच महिन्यात, १५ सप्टेंबरला, इथेरियम प्रूफ ऑफ स्टेकवर गेलं, म्हणजे मायनरच्या जागी पैसे तारण ठेवणारे व्हॅलिडेटर आले, आणि ब्लॉक बनवायचं काम मोजके बिल्डर आणि त्यांचे ब्लॉक व्हॅलिडेटरपर्यंत पोचवणारे रिले यांच्या हातात एकवटलं. निर्बंध यादी पाळणाऱ्या रिलेमधून येणाऱ्या ब्लॉकचं प्रमाण नोव्हेंबर २०२२ मध्ये ७९% च्या आसपास गेलं. त्या दिवसांत लोक म्हणत होते की संपलं इथेरियम. प्रत्यक्षात? टोर्नेडोची ट्रान्झॅक्शन जात राहिली. उरलेल्या २१% मध्ये घुसायला सरासरी पाचेक स्लॉट (स्लॉट म्हणजे एका ब्लॉकची पाळी), स्लॉट बारा सेकंदांचा, म्हणजे कागदावर एक मिनिट. नंतर या विषयावर जो अभ्यास झाला त्यात निघालं की असल्या ट्रान्झॅक्शनचा उशीर सरासरी ८५% नी वाढला होता. मी सुरुवातीपासून जे म्हणतोय ते हेच, उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ नाहीये, उत्तर ८५% आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने त्या निर्बंधांच्या विरोधात निकाल दिला आणि मार्च २०२५ मध्ये टोर्नेडो यादीतून निघालं, पण तोपर्यंत ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांपैकी एकाला नेदरलँड्समध्ये ६४ महिन्यांची शिक्षा झालेली होती. कोड अडला नाही, माणूस अडला. नेटवर्कच्या कुठल्याच टेस्टमध्ये हे येत नाही आणि यायला हवं असं मला फार वाटतं.

उशीराचं म्हणाल तर काही जण सोडून देतात, मिनिटभराने काय होतं म्हणून. पैसे नुसते पाठवायचे असतील तर नाहीच होत. पण लायटनिंग चॅनेल घ्या, म्हणजे दोघांनी पैसे बांधून ठेवून आपसातला हिशेब साखळीबाहेर बदलत राहायची सोय. समोरच्याने हिशेबाची जुनी स्थिती साखळीवर टाकून तुमचे पैसे लाटायचा प्रयत्न केला तर तुम्हाला ठराविक ब्लॉकच्या आत दंडाचं ट्रान्झॅक्शन आत घालायला लागतं, समजा १४४ ब्लॉक, साधारण एक दिवस. अर्धे मायनर तुमच्या विरोधात असले तरी १४४ ब्लॉकमध्ये तुम्ही सहज जाता. पण ९९% विरोधात असले तर? ०.९९ चा १४४ वा घात करा, जवळपास ०.२४ येतो, म्हणजे चारातल्या एका वेळी चोर जिंकला. नुसता उशीर, कडक सेन्सॉरशिप अजिबात नाही, आणि तरी पैसे गेले. म्हणून मी म्हणतो की कुठल्याही नेटवर्कचा सेन्सॉरशिपचा आकडा त्याच्या वापराशिवाय सांगण्यात अर्थ नाही.

रिलेबद्दल थोडक्यात. २०२५ मध्ये बिटकॉइनवाल्यांत फिल्टरवरून मोठी भांडणं झाली, नोडवाल्यांनी नको ती ट्रान्झॅक्शन पुढे पाठवायची नाहीत म्हणून. नोड आपण होऊन साधारण आठ जणांशी ट्रान्झॅक्शनच्या देवाणघेवाणीसाठी जोडला जातो. जगातल्या ९०% नोडनी फिल्टर लावला तरी तुमच्या आठातला किमान एक विनाफिल्टर असण्याची शक्यता ५७% आहे, आणि मायनरपर्यंत पोचायला एक वाट पुरते. हे मी म्हापश्याच्या एका मित्राबरोबर करून बघतो अधूनमधून, त्याच्याकडे वेगळ्या कंपनीचं नेट आहे, माझा एक नोड साध्या नेटवर आणि दुसरा फक्त टॉर या ओळख लपवणाऱ्या नेटवर्कवर, एकाने ट्रान्झॅक्शन सोडायचं आणि बाकीच्यांकडे किती वेळात उगवतं ते लॉगमध्ये बघायचं. वायरीच्या पातळीवर पण आता परिस्थिती सुधारलीय, पूर्वी नोडचं बोलणं उघडंउघडं असायचं, एप्रिल २०२४ च्या आवृत्तीपासून ते डिफॉल्टनेच एन्क्रिप्ट होतं. एक मात्र सांगून ठेवतो, टेस्ट करायच्या नादात निर्बंध यादीतल्या पत्त्याशी स्वतःच्या वॉलेटमधून व्यवहार करू नका, नुसतं बघा. बघायला कायद्याची आडकाठी नाही.

आणि आपल्याकडे खरी अडवणूक होते ती साखळीवर नाही, काठावर, रुपये आणि क्रिप्टो जिथे बदलतात तिथे. ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोवाल्यांशी व्यवहार करायला मनाई केली, ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, मधली दोन वर्षं साखळी दर दहा मिनिटांनी चालू होती आणि इथल्या माणसाला मात्र रुपये आत-बाहेर करायला बँकेची सरळ वाट नव्हती. डिसेंबर २०२३ च्या शेवटी नऊ परदेशी क्रिप्टो एक्स्चेंजना नोटिसा गेल्या, जानेवारीत त्यांच्या साइट इथे उघडेनाशा झाल्या. कायदा पाळला नाही म्हणून कारवाई झाली हे मान्य आहे, नोंदणी केलेली काही नंतर परत आली. पण ज्याचे पैसे एक्स्चेंजवरच पडून होते त्याची धावपळ झाली, आणि ज्याच्याकडे स्वतःच्या चाव्या (वॉलेटचा ताबा देणारे गुप्त आकडे) होत्या त्याला साखळीवर पैसे हलवायला काही अडलं नाही. त्या दिवसांत माझा नोड नेहमीसारखाच सिंक होत होता.

मला खरी काळजी आहे ती पूलांची. दोनच मोठे पूल मिळून बिटकॉइनचा अर्ध्याच्या आसपास हॅशरेट हातात धरून असतात, आणि ब्लॉकमध्ये काय जायचं ते पूल ठरवतो, मशीनवाला मायनर नाही. ‘जास्त फी दिली की कुणीतरी घेतोच’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही, कारण एप्रिल २०२४ नंतर ब्लॉकमागे ३.१२५ बिटकॉइन असेच मिळतात, त्यापुढे एखाद्या ट्रान्झॅक्शनची फी सोडून द्यायला पूलला काहीच जड जात नाही. उपाय आहेत. स्ट्रॅटम व्ही२ ही मायनर आणि पूल यांच्या आपसातल्या बोलण्याची नवी पद्धत, तिच्यामध्ये टेम्प्लेट बनवायचा अधिकार मायनरकडे परत येऊ शकतो. इथेरियममध्ये फोसिल नावाचा प्रस्ताव आहे, त्यात दर स्लॉटला १६ व्हॅलिडेटरची समिती ‘ही ट्रान्झॅक्शन घ्यायलाच हवीत’ अशा याद्या देते आणि त्या डावलणाऱ्या ब्लॉकला बाकीचे मतच देत नाहीत. ९०% व्हॅलिडेटर सेन्सॉर करणारे धरले तर आज एका स्लॉटमध्ये तुमची संधी १०%, आणि सोळातला एक जरी प्रामाणिक निघाला की काम झालं असं धरून हिशेब केला तर ती ८१% होते. एवढा मोठा फरक एका नियमाने पडत असेल तर तो नियम लवकर यावा असं मला अगदी मनापासून वाटतं.

पुढच्या वेळी मुलं आली की पाच नोडच्या त्याच लॅपटॉपवर स्ट्रॅटम व्ही२ बसवायचंय, पूल सेन्सॉर करणारा आणि मायनर स्वतःचं टेम्प्लेट बनवणारा, आणि अशा मायनरचं काम पूलने नाकारलं तर त्याला दुसऱ्या पूलवर जायला किती ब्लॉक लागतात ते मोजायचंय.